खाटेखालच्या पपया

"आधी खाटेखालच्या पपया काढा. मग वऱ्हाडाला आत बसवा."

कलाबाईनं हे सकाळपासून चौथ्यांदा सांगितलं आणि चौथ्यांदाही कुणी हललं नाही. बाहेर मंडपाचे बांबू रोवून झाले होते, आचाऱ्याने बुंदीची कढई चढवली होती, कर्ण्याची तार कुणीतरी उलटी जोडली म्हणून गल्लीच्या तोंडाशी आरडाओरड चालली होती. घरात पाहुण्यांना टेकायला खाट एकच. तिच्याखाली भाताच्या पेंढ्यावर, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बत्तीस पपया. आज आठवा दिवस.

"कुठे काढू, वहिनी?" सोनाबाई म्हणाली. ती खाटेला पाठ लावून कांदे चिरत होती. अशी बसली होती की खाटेखाली हात घालणाऱ्याला आधी तिच्या अंगावरून जावं लागावं. "डोक्यावर घेऊन मंडपात उभी राहू?"

"सुकदेव भाऊजींच्या शेडीत ठेवा."

"तिथं तेल, तिथं धूळ, तिथं गरमी. आणि त्याच्या शेडीत एकदा गेलेलं परत येत नाही. मीही नाही येणार."

लेकीच्या लग्नाच्या दिवशी नणंदेशी भांडायचं नाही असं कलाबाईनं पहाटे अंघोळ करतानाच ठरवलं होतं. पण तिला भीती वाटत होती, आणि ती भीती खोटी नव्हती. दोन महिन्यांपूर्वी सरलाच्या साखरपुड्याला याच नणंदेनं मोठ्या हौसेनं आपल्या वाडीची पपई कापून विहीणबाईंच्या पुढे ठेवली होती. वरून सोन्यासारखी. आत देठापासून काळी. काशीबाईंनी फोड तोंडात घातली, पदराआड थुंकली आणि वर म्हणाल्या, "गोड आहे हो." ते 'गोड आहे हो' कलाबाईला अजून टोचत होतं. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

"आज भाईदास येणार ना?" तिनं आवाज खाली आणून विचारलं.

"येणार. जेवणानंतर."

"आणि तुम्ही सगळ्यांसमोर उघडणार?"

"तोच म्हणाला तसं."

भाईदास सुरतेच्या कडेच्या नवागामचा. डिंडोलीकडच्या अंगाला त्याची चार बिघ्यांची वाडी, त्यातली निम्मी दोन वर्षांपासून सोनाबाईकडे अर्ध्या हिश्शानं. नवऱ्यानं मूल नाही म्हणून नंदुरबारहून गाडीत बसवून दिलेली ही बाई सात वर्षं भावांच्या घरात बॉबिना भरत होती. मग एक दिवस उठली, नवागामला चालत गेली आणि पपईची रोपं लावून आली. झाडं अशी लागली की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. पण फळ तोडलं, टोपलीत भरलं, बाजारात पोचलं, की चौथ्या-पाचव्या दिवशी त्यावर पैशाएवढे खोलगट काळे डाग. डागावर गुलाबी बुरा. दलाल मगननं भर बाजारात सांगितलं, "आ बाईना हाथमां ज सडो छे." सडकं या बाईच्या हातातच आहे. लोक हसले. का हसले ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. सोनाबाईच्या गळ्यात माळ नव्हती, कपाळाला टिळा नव्हता, आणि ती कुठल्या वस्तीतली हे मगनला ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या गाळ्यात मागे दोन डझन तशाच डागांच्या पपया पडल्या होत्या. त्यांना कुणाचा हात लागला होता, हे मात्र कुणी विचारलं नाही.

भाईदास हसला नव्हता. तो वाईट माणूसच नव्हता. वाईट माणसाशी भांडता येतं. भाईदाससारखा माणूस मान खाली घालून, हात जोडून तुमचं नुकसान करतो. "बेन," तो म्हणाला, "माझं काही नाही. पण बाजार घेत नाही तर मी काय करू? आठ दिवसांचं फळ मला साफ दाखव. तुझ्या भाचीच्या लग्नाला येतो, चार माणसांत बघतो. साफ असलं तर वाडी तीन वर्षं तुझी. नसलं तर..."

नसलं तर सुकदेव होताच.

*

सुकदेव, सोनाबाईचा धाकटा भाऊ, मंडपाच्या खांबाला टेकून मनगटावरच्या घड्याळात बघत होता. गल्लीच्या टोकाला त्याची पत्र्याची शेड, शेडीत चार जुने माग. मागाला बॉबिन लागते, बॉबिन भरायला बाई लागते, आणि बाया टिकत नाहीत. बहीण टिकेल. बहिणीला जायला जागा नाही, म्हणून टिकेल. सुकदेव हा विचार स्वतःशीसुद्धा इतका उघड करत नसे, पण करत होता.

म्हणून पपया सडाव्यात असं त्याला वाटत होतं. सडू नयेत असंही वाटत होतं. या दुसऱ्या वाटण्याला कारण त्याचं घड्याळ होतं.

झालं असं की सरला सरकारी फार्मवरून एक गुजराती कागद घेऊन आली. पोरगी म्युनिसिपालटीच्या गुजराती शाळेत आठवीपर्यंत शिकलेली, घरात गुजराती वाचणारी ती एकटीच. कागदात लिहिलं होतं की हा डाग म्हणजे बुरशी. ती फळ झाडावर हिरवं असतानाच सालीत शिरते आणि झोपून राहते. फळ पिकायला लागलं की जागी होते. तिच्या आत्यानं, सोनाबाईनं, ते वाक्य तिच्याकडून तीन वेळा वाचून घेतलं होतं.

"झाडावरच शिरते?"

"झाडावरच, फुई."

"म्हणजे हात लागायच्या आधीच?"

"हो."

"पुन्हा वाच."

उपाय सोपा होता. पिवळी रेघ दिसताच फळ चाकूनं देठासकट कापायचं, आपटायचं नाही. एकोणपन्नास अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवायचं. मग गार पाणी, मग सावली, मग कोरड्या कागदात. जुनी टोपली वापरायची नाही. बुरशी मरते आणि फळ जगतं. पाणी थोडं गार झालं तर बुरशी जगते, थोडं तापलं तर फळ मरतं.

पहिल्या खेपेला फळ मेलं. चाळीस पपया. साल करपट, गर दगडासारखा, पिकायचं नाव नाही. चार दिवस घरात पपईची भाजी. सुकदेवनं थोरल्या भावाचं, निंबाचं, नाव 'उकडपपई' ठेवलं आणि गल्लीनं ते उचललं.

दुसऱ्या खेपेला सरला त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली. "काका, घड्याळ द्या. तासा-दीड तासासाठी."

"घड्याळ नाही मिळणार."

"मग तुम्ही चला."

तो गेला. चेष्टा करायलाच गेला. अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये आठ-आठ पपया, खाली भुशाची शेगडी, निंबा बांबूनं पाणी ढवळतोय, सोनाबाई भुसा टाकतेय, सरला गार पाण्याची बादली घेऊन उभी. चौदा मिनिटं झाली आणि निंबा म्हणाला, "बस झालं, काढू या, वास यायला लागला."

"सहा मिनिटं बाकी आहेत!" सुकदेव एवढ्या जोरानं ओरडला की शेजारची कोंबडी उडाली. "कापड अर्धं विणून उतरवतोस का? वीस म्हणजे वीस!"

त्यानंतरचे तीन घाणे तो खाली टेकलाच नाही, घड्याळावर डोळा ठेवून उभाच राहिला. आणि गेले आठ दिवस रोज सकाळी शेडीत जायच्या आधी तो काहीतरी विसरल्याचं निमित्त करून घरात यायचा आणि खाटेखाली वाकून वास घ्यायचा. सोनाबाईला हे माहीत होतं.

एकच गोष्ट त्याला खटकत होती. सोनाबाईनं तोडताना तेहेतीस मोजल्या होत्या. पाण्यातून निघाल्या बत्तीस. चार घाणे, आठ-आठ. हिशेब बरोबर, तरी एक पपई गेली कुठे?

*

"अरे, फडकं! फडकं घ्या!"

आचारी ओरडेपर्यंत निंबानं कढई कानांना धरून चुलीवरून उतरवलीसुद्धा होती. उघड्या हातांनी. खाली ठेवून तो सरळ उभा राहिला.

"हात आहेत का सांडशी?" आचारी म्हणाला.

दोन महिन्यांपूर्वी निंबा या वाक्यावर छाती फुगवून हसला असता. डाइंग हाउसात बावीस वर्षं. उकळत्या रंगाच्या हौदातून कापडाचे पिळे काढणारे हात. मास्तर थर्मामीटर टाकायचा, आणि त्याच्या आधी निंबा बोटं बुडवून आकडा सांगायचा. निदान त्याला तरी तसं वाटायचं. पहिल्या खेपेला सरला म्हणाली होती, बाबा, थर्मामीटर आणा. तो म्हणाला, "मला? थर्मामीटर?" ड्रममध्ये हात घातला, कोपरापर्यंत, आणि म्हणाला, "कोमट आहे. अजून तापव."

मग पपया बुडाल्या. कलाबाई बाजूला उभी होती. एक पपई तरंगून कडेला आली म्हणून तिनं सहज हात घातला आणि किंचाळली. हात लाल. चार दिवस तिला भाकरी थापता आली नाही.

निंबा ड्रमजवळ तसाच उभा राहिला. पुन्हा हात घातला. कोमट. त्याला खरंच कोमट लागत होतं. जे पाणी बायकोचा हात भाजतं ते त्याला कोमट लागत होतं. बावीस वर्षं तो ज्याला कसब म्हणत होता ते कसब नव्हतं, कातडी मेली होती. मिलनं पगारासोबत एवढंही घेतलं होतं, आणि ते कुठल्या पावतीवर लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यानं मास्तरला विचारून पितळी नळीतला थर्मामीटर रविवारपुरता घरी आणला. सोनाबाईपुढे ठेवला. म्हणाला, "हाताचं ऐकू नको. याचं ऐक."

पण ढवळायला बांबू त्यानेच घेतला. कारण थर्मामीटर वर एकोणपन्नास दाखवत होता आणि निंबाला माहीत होतं की ड्रमच्या तळाशी पाणी वेगळं असतं. कापड हौदात नुसतं सोडलं तर पट्टे पडतात. एक बाजू गडद, एक फिकी. सतत फिरवत राहावं लागतं. हे कागदात लिहिलेलं नव्हतं. तो दीड तास ढवळत राहिला, एकदाही थांबला नाही.

आता त्यानं हात धोतराला पुसले. मंडपातून सरलाचा आवाज आला, "बाबा, बौद्धाचार्य आले!"

*

लग्न अर्ध्या तासात लागलं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या, पांढऱ्या साडीत सरला, पांढऱ्या सदऱ्यात नवरदेव पंडित. उधन्याच्या कारखान्यात फिटर असलेला हा पोरगा इतका घाबरलेला होता की पंचशील म्हणताना तिसरं, व्यभिचार न करण्याचं, शील दोनदा म्हणून बसला. "एवढं घट्ट सांगायची गरज नाही, जावईबापू!" सुकदेव मागून म्हणाला आणि मंडप हसला. फुलं उधळली, हार पडले, जय भीमचा गजर झाला. मुहूर्त नाही, भटजी नाही, कुणाची वाट बघणं नाही. ज्यांच्या सावलीचाही विटाळ व्हायचा त्यांच्या लग्नात आता उशीर होतो तो फक्त कर्णा बंद पडला म्हणून.

पंगती बसल्या. काशीबाईंना घरात आणून खाटेवर बसवलं. अंगानं भरलेल्या बाई, खाट कुरकुरली, सुंभ खाली झोकला. कलाबाईनं डोळे मिटले.

काशीबाईंनी नाक वर केलं. एकदा. पुन्हा एकदा.

"कसला वास येतोय हो?"

कलाबाईनं घाईनं विचारलं, "कसला?"

"गोड." काशीबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या. "पपई पिकलीये का घरात? आमच्या माहेरी यायचा असा वास."

कलाबाईनं सोनाबाईकडे बघितलं. सोनाबाईनं कांद्याच्या ताटाकडे. दोघींना हसू दाबता येईना.

"काय झालं?" काशीबाई म्हणाल्या.

"काही नाही," कलाबाई म्हणाली. "जरा पाय वर घ्या, विहीणबाई. खालून सामान काढायचंय."

*

भाईदास आला तो छत्री घेऊन. एप्रिलचं ऊन आणि मनातला संकोच, दोन्हींसाठी छत्री बरी पडते. मंडपाच्या कडेला उभा राहिला. निंबानं खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. पंडितच्या हातात पाकीट दिलं, सरलाला आशीर्वाद दिला, आणि सोनाबाईला बाजूला घेऊन हळू म्हणाला, "बेन, इथं नको. माणसं फार आहेत. तुझी फजिती व्हायला नको. मागच्या बाजूला दाखव."

"चार माणसांत दाखव म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. पण मगन म्हणतो की बाईच्या हाताला..."

"काय आहे हाताला?"

हे सोनाबाई बोलली नव्हती. कलाबाई होती. सकाळपासून पपया लपवायला निघालेली कलाबाई डाळीचा डाव हातात घेऊन भाईदाससमोर उभी होती. "यांच्याच हातांनी आज दोनशे माणसांचा कांदा चिरलाय. ते सगळे जेवून ढेकर देतायत. बघा. इथंच उघडायचं. निंबा, चादर टाका."

नवऱ्याला ती चारचौघांत नावानं हाक मारते आहे हे तिच्याही लक्षात आलं नाही. निंबानं चादर टाकली.

पेंढा, टोपली, कागद. वऱ्हाड गोळा झालं. पंगतीतले उठले, हात तसेच खरकटे. सोनाबाई चादरीवर बसली. पहिला कागद ती सोडू लागली तसा सुकदेव पुढे सरकला. त्यानं नकळत घड्याळाकडे बघितलं, जणू अजून काही मिनिटं बाकी असतील.

पहिली पपई. पिवळी. डाग नाही. उलटीसुलटी फिरवली. देठाशी कोरडी.

दुसरी. साफ. तिसरी. साफ. सरला हारासकट शेजारी येऊन बसली आणि कागद सोडू लागली. चौथी, पाचवी, सहावी. मागून कुणीतरी मोठ्यानं आकडे म्हणू लागलं, मग सगळेच म्हणू लागले. चौदावीला एका बाजूला मऊ खळगा लागला. आकडे थांबले. सोनाबाईनं बोटानं दाबून पाहिलं. काळं नाही, बुरा नाही, नुसती चेपलेली.

"ही मधली," सरला म्हणाली. "खाटेच्या मधोमध होती."

सगळ्यांची नजर काशीबाईंकडे गेली. बाई क्षणभर गोंधळल्या, आणि मग त्यांनाच आधी हसू फुटलं. अंग गदगदून हलेपर्यंत हसल्या. "मग ती माझी! माझ्या वजनाची मला द्या!"

बत्तीस. बत्तीसच्या बत्तीस.

भाईदास वाकून बघत होता. त्याला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण तो भाईदास होता. "सरस छे," तो म्हणाला. "बहु सरस. पण बेन, यंदा हवा कोरडी आहे. दव नाही, पाऊस नाही. मगन म्हणेल की हवेनं वाचल्या. पाण्यानं वाचल्या हे कशावरून? एखादी न बुडवलेली असती तर..."

बुडवलेल्या बत्तीस समोर होत्या, न बुडवलेली एकही नव्हती. सोनाबाईनं हातातला कागद चुरगळला. एवढं सगळं करून शेवटी हवा!

तेव्हा दारातून आवाज आला. "थांबा रे. मी येस."

मीराबाई, तिघा भावंडांची माय. सत्तरीची. नवऱ्यामागे रेल्वेच्या गँगमध्ये खडी फोडलेली, सुरतेत पंचवीस वर्षं काढूनही अहिराणी सोडून दुसरं बोलायला साफ नकार देणारी. ती आत गेली. पत्र्याच्या डब्याचं झाकण वाजलं. आणि असा वास बाहेर आला की पुढचे चार जण मागे सरले.

ती दोन हातांत जुवारीच्या डब्यातली पपई घेऊन आली. काळे खोल डाग, डागांवर गुलाबी बुरा, देठाकडून पाणी गळतंय. चादरीवर पिवळ्या बत्तीसांच्या शेजारी तिनं ती थप्पकन ठेवली.

"दखा. हाई मन्ही पपई."

"आई!" सोनाबाई ओरडली. "तेहेतिसावी! तू घेतलीस?"

"उकडेल पपई कोन खाई?" म्हातारी म्हणाली. "मी नही खास. म्हनीसन एक काढी लिन्ही, मन्हासाठे."

"आणि सडली तरी सांगितलं नाहीस?"

"सांगतू ते तुम्ही हसतात." तिनं चारही बाजूंची तोंडं बघितली, भाईदासचं तोंड बघितलं, आणि काय झालंय ते तिला एका क्षणात कळलं. लगेच तिनं कंबरेवर हात ठेवला. "नि आते कसाले सांगू? मी मुद्दाम ठेयेल व्हती. हाऊ भाईदास असंच बोली, मले माहीत व्हतं."

ही एवढी मोठी थाप होती की बौद्धाचार्यांनीसुद्धा मान खाली घातली. सुकदेव पोट धरून खाली बसला. कर्णेवाल्यानं कारण न विचारता गाणं लावून टाकलं.

एकाच वाडीची, एकाच दिवशी तोडलेली, एकाच हातानं. ही एकच गरम पाण्यात गेली नव्हती.

सोनाबाईनं चाकू घेतला. एक पपई कापली, केशरी गर, काळ्या बिया मोत्यांसारख्या चमकणाऱ्या. मोठी फोड काढली, उठली आणि भाईदाससमोर धरली. ताटात घालून नाही. तळहातावर.

मंडपातल्या सगळ्यांचे डोळे त्या तळहातावर आले. दोन वर्षं भाईदास वाडीवर यायचा तो स्वतःचा पितळी लोटा घेऊन. सोनाबाईच्या मडक्याला तो शिवला नव्हता. त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. असल्या गोष्टींवर बोलणं होतच नाही, म्हणून तर त्या टिकतात.

"सडकं कुठं आहे ते बघून घ्या," सोनाबाई म्हणाली. "हात हाच आहे."

भाईदासनं छत्री मिटली. ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना; निंबानं घेतली. त्यानं फोड उचलली. खाल्ली. रस हनुवटीवरून सदऱ्यावर गळाला, तो पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"मीठी छे," तो म्हणाला. मग खाली बघत, "बेन, त्रण वरस. वाडी तारी. अने बाजारमां..." तीन वर्षं वाडी तिची! पुढचं तो मराठीत म्हणाला. "बाजारात मी स्वतः सांगेन. मगनच्या तोंडावर."

"सांगा," सोनाबाई म्हणाली. "आणि बसा आता. जेवला नाहीत अजून."

तो खुर्चीवर नाही, पंगतीत बसला. कलाबाईनं त्याला डाळ जरा जास्तच वाढली.

*

पाठवणीची वेळ झाली. गल्लीच्या तोंडाशी वऱ्हाडाचा ट्रक उभा, ड्रायव्हर कंटाळून भोंगा वाजवतोय, काशीबाई पुढच्या सीटवर चेपलेली पपई मांडीवर घेऊन बसलेल्या. रिवाजानुसार बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते आणि सरला सगळ्यांच्या पाया पडत सोनाबाईपाशी आली होती.

तेवढ्यात सुकदेव मध्ये घुसला. मनगटावरचं घड्याळ काढून त्यानं बहिणीच्या हातात बांधायला घेतलं. पट्टा सैल झाला, शेवटच्या भोकातसुद्धा सैल.

"हे काय?" सोनाबाई म्हणाली.

"बॉबिनीला मी दुसरी बाई बघतो." तो तिच्याकडे न बघता पट्टा ओढत होता. "सरला चालली, मी मागांवर. आता मिनिटं कोण मोजणार? तू भुसा टाकताना गप्पा मारतेस. एकोणीसला काढशील आणि माझं नाव घालवशील."

"तुझं नाव?"

"वीस म्हणजे वीस!"

सोनाबाई मनगटाकडे बघत राहिली. काटा टिकटिक पळत होता. मग ती इतक्या हळू बोलली की फक्त जवळच्या चौघांना ऐकू आलं. "मला यातलं कळत नाही रे. मी कुठे शिकले घड्याळ?"

सुकदेवचा हात थांबला. सात वर्षं ही बाई त्याच्या शेडीत पाळ्या भरत होती, भोंग्यावर उठत होती, भोंग्यावर बसत होती. तिला घड्याळ येत नाही हे त्याला आज कळलं.

सरलानं डोक्यावरचा पदर मागे टाकला. फुईचा हात आपल्या हातात घेतला, उन्हाकडे तोंड करून वळवला.

"फुई, लहान काट्याकडे बघायचंच नाही. तो आळशी. हा लांब काटा बघ. तो कुठल्या आकड्यावर आहे ते बघायचं, मग पपया बुडवायच्या. मग एक घर, दोन घर, तीन घर, चार घर. चौथ्या घरावर आला की काढायच्या."

"चार घरं."

"चार. आता सांग, आत्ता बुडवल्या तर कधी काढशील?"

सोनाबाईनं बोट काचेवर ठेवलं. ओठ हलवत मोजलं. "इथं."

"इथं नाही, हे तिसरं."

"मग इथं."

"बरोबर. पुन्हा. आता इथून."

ट्रकचा भोंगा वाजला. पंडितनं खिडकीतून मान काढली, आत घेतली, ड्रायव्हरला म्हणाला, थांबा जरा. निंबा ट्रकच्या पायरीशी पेटी धरून उभा होता. कलाबाई रडायचं विसरून तीही काच बघायला वाकली होती.

"काय मन्ही नात," मीराबाई जवळच्या बाईला सांगत होती. "सासरे चालनी नि फुईले घड्याळ शिकाडी ऱ्हायनी. समदं मन्हं वळण."

"पुन्हा," सरला म्हणाली.

"चार घरं," सोनाबाई म्हणाली, आणि बोट बरोबर जागी ठेवलं.